चार दिवस उघडी राहिलेली नदी

इर्मा लिंडवॉलला पाठीमागे सगळं गाव ‘कुलूप’ म्हणायचं. “कुलूप गावात आहे का आज?” “कुलपाचा चेहरा कसा होता सकाळी?” असं चालायचं. तिला ते ठाऊक होतं. एकदा पोस्टात रांगेत उभी असताना तिच्या पुढच्या माणसाच्या तोंडून तो शब्द निसटला आणि मागे वळून पाहतो तर ही. बिचाऱ्याच्या हातातली पत्रं गळाली. इर्मा खाली वाकून ती गोळा करायला लागली आणि म्हणाली, “किल्लीही माझ्याकडेच असते हो. तेवढं लक्षात असू द्या.”

तिचं काम सांगायला सोपं होतं. टोलुक नदीत मेच्या मध्यापासून किंग चढायला लागतो. सामन माशांतला हा सगळ्यांत थोराड, एकेक मासा दहा वर्षांच्या पोराएवढा. तो समुद्रातून येतो, वरच्या उथळ पाण्यात गोट्यांमध्ये अंडी घालतो आणि मरतो. पुरेसे मासे वर पोचले तर चार-पाच-सहा वर्षांनी त्यांची पिल्लं मोठी होऊन परत येतात. नाही पोचले तर नाही येत. मध्ये, नदीच्या खालच्या अकरा मैलांत, हौशी माणसं गळ टाकून बसलेली. कुणी कुठे बसायचं, गळाला गाबोळीचं आमिष लावायचं की नाही, धरलेला मासा घरी न्यायचा की पाण्यात परत सोडायचा, आणि नदी उघडी ठेवायची की बंद करायची, हे सगळं इर्मा ठरवायची. सरकारच्या मत्स्य खात्याची आमच्या भागातली ती अधिकारी होती. अग्निशमनाची गाडी ठेवतात त्या शेडमागच्या दोन खोल्या म्हणजे तिचं ऑफिस. तिथे बसून ती एका कागदावर सही करायची, दुपारी बारा वाजता रेडिओवर तो वाचून दाखवायचे, आणि आठशे वस्तीच्या आमच्या गावाचा उन्हाळा त्यावर ठरायचा.

मी क्लेम टर्विल. तिच्या हाताखाली सतरा उन्हाळे कुंपणावर होतो. नदीच्या मुखापासून अकरा मैलांवर, या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी गजांचं कुंपण घालायचं, मध्ये एक फाटक ठेवायचं, आणि फाटकातून वर जाणारा एकेक मासा मोजायचा. छातीपर्यंत रबरी पाटलोण चढवून पाण्यात उभं राहायचं. हे माझं काम. संध्याकाळी रेडिओवर आकडा सांगायचो. इर्मा कधी “बरं” म्हणायची, कधी “पुन्हा सांग” म्हणायची. तिचं “पुन्हा सांग” आलं की समजायचं, आकडा वाईट आहे. तिने तो पहिल्यांदाच नीट ऐकलेला असायचा.

ती उंच होती. चालताना डावीकडे किंचित झुकायची, कारण लहानपणापासून होडी वल्हवून एक खांदा खाली उतरला होता. तिचा बाप टोर्स्टन या नदीवरचा पहिल्या गाईडांपैकी. पाहुण्यांना होडीतून मासे धरायला न्यायचं, हा लिंडवॉलांचा धंदा. बापाने मुलीला वल्हवायला शिकवलं, मुलीने धाकट्या भावाला, व्हर्नला. पुढे ती शिकायला फेअरबँक्सला गेली आणि मासे मोजायची विद्या घेऊन परत आली. व्हर्न होडीतच राहिला. लग्नबिग्न तिचं काही टिकलं नाही. एक नवरा होता, तो दुसऱ्याच हिवाळ्यात निघून गेला. जाताना म्हणाला म्हणे, “तुझं लग्न आधीच झालेलं आहे, मला कुणी सांगितलं नाही.” हे इर्मानेच मला हसत हसत सांगितलं होतं, आणि हसणं संपल्यावर बराच वेळ पाण्याकडे बघत बसली होती.

चांगल्या वर्षांत तिला सगळे ओळखायचे, कॉफी पाजायचे. मग किंग कमी व्हायला लागला. आमच्याच नदीत असं नाही, सगळीकडेच. समुद्रात काय बिघडलं ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. पण समुद्रावर कुणाला राग काढता येतो? दोन हजार नऊमध्ये तिने पहिल्यांदा जूनच्या मध्यात नदी बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गाडीच्या आरशाला माशाचं कुजकं डोकं टांगलेलं होतं. तिने ते काढलं, पाहिलं, आणि म्हणाली, “हा किंग नाही. कुत्रासामन आहे, कुत्र्यांना घालतात तो. निदान मासा तरी बरा टांगायचा.”

त्या संध्याकाळी बारमध्ये व्हर्न उभा राहिला. तसा तो शांत माणूस. म्हणाला, “माझ्या बहिणीशी ज्याचं भांडण असेल त्याने माझ्याशी बोलावं. बंदी मलाही आहे. माझे पाहुणे परत गेले ते तुमच्या पाहुण्यांसारखेच गेले.” सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. मर्ल डिकर नावाचा दुसरा एक गाईड होता, तोंडाचा फटकळ, त्यानेसुद्धा ग्लासात बघितलं.

आता दोन हजार बाराच्या जूनची गोष्ट.

अकरा जूनपर्यंत कुंपणातून चारशे बारा किंग वर गेले होते. त्या तारखेला नऊशे तरी असायला हवेत. इर्माने आमिषावर आधीच बंदी घातली होती, आता पुढची पायरी नदी बंद करण्याची. पण पुढच्या रविवारी फादर्स डे, आणि तो शनिवार-रविवार म्हणजे आमच्या गावाचा सगळ्यांत मोठा. बापाला घेऊन मुलगे येतात, होड्या महिनोन्महिने आधी ठरलेल्या असतात. तिने ठरवलं, आणखी दोन दिवसांचे आकडे बघू, मग सही करू.

आणि मंगळवारी पाणी आलं. डोंगरावरच्या बर्फावर गरम पाऊस पडला आणि नदी पाच तासांत चार फूट चढली, चहासारखी तपकिरी. मुळासकट स्प्रूसची झाडं वाहत आली आणि कुंपणाचे नऊ भाग मोडून घेऊन गेली. आम्ही काठावर उभे राहून बघत होतो. पुढचे काही दिवस वर किती मासे गेले, शंभर की हजार, की एकही नाही, हे सांगणारं कुणी राहिलं नाही.

इर्मा बुधवारी सकाळी कुंपणाशी आली. पिवळी वही काखेत, खिशात कडक गोल बिस्किटं आणि शेंगदाण्याचं लोणी. पाण्याकडे पाहत तिने विचारलं, “क्लेम, तुला काय वाटतं? चढतायत?”

मी काय सांगितलं ते मला पक्कं आठवतं. मी म्हणालो, “मोठ्या पाण्यात किंग चढतोच. नेहमीच चढतो.”

“नेहमीच?”

“बहुतेक वेळा.”

“या दोन्हींत फरक आहे,” ती म्हणाली. पण तिने ते वहीत लिहिलं नाही. मी तसं का म्हणालो? मला खरंच तसं वाटत होतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की माझी बायको लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि लॉज रिकामं पडलं की तिला घरी पाठवत.

तेवढ्यात व्हर्नची गाडी आली. तो चिखलातून उतरत आमच्याकडे आला. काही मागायला आल्यासारखी टोपी हातात होती, ते मला आवडलं नाही.

“इर्मा, दोन मिनिटं.”

“बोल की. क्लेमसमोर बोल.”

“मिनेसोटाचे ऑल्सगार्ड येतायत उद्या. म्हातारा आणि तीन मुलगे. बावीस वर्षं येतो तो माझ्याकडे. त्याला कॅन्सर आहे, पुढच्या वर्षी तो नसणार.”

“मला माहीत आहे व्हर्न. तू तीनदा सांगितलंस.”

“मग चौथ्यांदा सांगतो. तू आज सही केलीस तर त्याला मी काय दाखवू? रिकामं पाणी?”

“आकडा वाईट आहे रे.”

“कुठला आकडा? कुंपण कुठंय तुझं? बघ ना, तिकडे समुद्रात गेलं तुझं कुंपण! तुला माहीत नाही, मला माहीत नाही, या क्लेमला माहीत नाही. मग वाईट कशावरून? चांगला कशावरून नाही?”

इर्माने वही दुसऱ्या काखेत घेतली.

“आजवर मी तुला कधी काही मागितलंय? एकदा तरी? लोक मला तुझ्यावरून काय काय बोलतात, मी घरी येऊन लोर्नालासुद्धा सांगत नाही. आज मागतोय, तेही चारच दिवस. सोमवारी तू कुलूप लाव, मी स्वतः फाटक ओढतो.”

त्याने ‘कुलूप’ हा शब्द तिच्यासमोर कधी वापरला नव्हता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो तसाच टोपी घालून गाडीकडे गेला.

इर्माने त्या दिवशी सही केली नाही. नियमातही तिला बळ होतं. कुंपण मोडलं तर मधल्या दिवसांचा अंदाज धरायची मुभा होती. तिने अंदाज धरला, आणि जरा हात सैल सोडून धरला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार दिवस नदी उघडी राहिली. बुधवार ओसरता ओसरता पाणी उतरायला लागलं होतं, आणि उतरत्या पाण्यात मासा गळाला चांगला लागतो. धक्क्यावर आमचा एक माणूस प्रत्येक होडीतले मासे मोजत होता. एकशे सदुसष्ट किंग मारले गेले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त माद्या, अंड्यांनी भरलेल्या. म्हाताऱ्या ऑल्सगार्डने शनिवारी एक धरला. त्याला एकट्याला ओढवेना, तिघं मुलगे त्याच्या कंबरेला धरून उभे होते. त्याचा फोटो अजून लॉजच्या भिंतीवर आहे. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद आहे, की मला त्या फोटोकडे नीट बघवत नाही.

सोमवारी संध्याकाळपर्यंत आम्ही कुंपण पुन्हा उभं केलं. मंगळवारी मी दिवसभर फाटकापाशी उभा होतो. पाणी काचेसारखं झालं होतं. तीन मासे गेले.

रेडिओवर सांगितलं, “तीन.”

“पुन्हा सांग.”

“तीन, इर्मा.”

 मग ती म्हणाली, “बरं.” रविवारी रात्रीपासून नदी तात्पुरती बंद होतीच, आता तिने हंगामभराच्या बंदीवर सही केली. बुधवारी पाच आले. वरच्या उथळ पाण्यात जाऊन पाहिलं तर तिथेही नवे मासे नव्हते, म्हणजे मोठ्या पाण्यात कुणी चढलंच नव्हतं. जे होते ते खाली, होड्यांच्या खाली, पाणी निवळायची वाट बघत थांबले होते, आणि तिथेच गळाला लागले. हंगाम संपला तेव्हा आमची मोजणी आठशे नव्वदवर थांबली. नदी जगायला अठ्ठावीसशे लागतात.

हिवाळ्यात ती दर वर्षी अहवाल लिहायची. तो कुणी वाचत नाही. त्या वर्षी तिने त्यात एक परिच्छेद घातला. ‘चौदा ते सतरा जून नदी बंद ठेवता आली असती. तसं करायला माझ्याकडे पुरेसं कारण होतं. मी ती बंद केली नाही. हा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता.’ तिच्या वरच्या साहेबाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात गज रंगवत बसलो होतो. तिचं बोलणं ऐकू येत होतं. “नाही, गरज नाही हे मलाही कळतं... नाही, कुणी विचारलेलं नाही... तर मग राहू द्या ना.” राहिला तो परिच्छेद.

जानेवारीत शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. पुढच्या हंगामाचं काय, म्हणून. मर्ल डिकर उठला. त्याच्या हातात तो अहवाल. कुठून मिळवला देव जाणे. त्याने ती चार वाक्यं मोठ्याने वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली.

“आम्ही मागितले तेव्हा कधी चार दिवस मिळाले नाहीत,” तो म्हणाला. “ते चार दिवस कुणाच्या सांगण्यावरून मिळाले, ते विचारू का मी?”

विचारायची गरजच नव्हती. सगळी खोली व्हर्नकडे बघत होती. मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. त्याची मान लाल झालेली दिसत होती. इर्मा समोर टेबलापाशी उभी होती आणि ती व्हर्नकडे बघत नव्हती, मुद्दाम. तो एक शब्द बोलला असता, ‘मी मागितले’ एवढंच, तर त्या खोलीतला अर्धा ताण उतरला असता. तो गुडघ्यावरच्या टोपीचा काठ बोटांनी दुमडत बसला. दुमडला, उलगडला, दुमडला.

“ते चार दिवस मी दिले,” इर्मा म्हणाली. “घेणाऱ्याचं नाव तिथे लिहिलेलं नाही, कारण सही माझी आहे. पुढचा प्रश्न.”

बाहेर गाड्यांपाशी व्हर्नने तिला गाठलं. “माझं नाव लिहिलं नाहीस म्हणून तुला वाटतं तू मला वाचवलंस? सगळ्या गावाला वाचता येतं, इर्मा. कोरी जागासुद्धा वाचता येते.”

“मग मी काय खोटं लिहायचं होतं?”

“काही लिहायचंच नव्हतं! गप्प बसायचं होतं, लोक बसतात तसं.”

तो गाडीत बसून गेला. त्यानंतर सहा वर्षं ती दोघं बोलली नाहीत. आठशे वस्तीच्या गावात न बोलणं हे किती कष्टाचं काम आहे, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुकानात तो पिठापाशी असला तर ती दुधापाशी थांबायची.

पुढच्या हंगामापासून इर्माने किंगसाठी नदी उघडलीच नाही. मे उजाडायच्या आधीच कागद निघायचा. दोन वर्षांनी व्हर्नने होडी विकली आणि अँकरेजला विमानतळावर पाहुण्यांची गाडी चालवायला गेला. इतर नद्यांवर मासे धरायला निघालेले लोक तो हॉटेलात सोडायचा. त्याची बायको लोर्ना सांगायची, तो त्यांना कुठल्या नदीवर निघालात म्हणून कधी विचारत नसे.

दोन हजार सतरा-अठरामध्ये त्या वर्षीच्या अंड्यांचे मासे परतायचे होते. सतराला सहाशे अकरा आले. अठराला पाचशेही नाहीत. मी इर्माला म्हणालो, “हे त्या एकशे सदुसष्टांमुळे नाही. समुद्रच वाईट आहे. सगळ्याच नद्यांना कमी आलेत, ज्यांनी वेळेत बंद केल्या त्यांनाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी हिशेब केलाय. ते सगळे वर गेले असते तरी फार तर शंभर-दीडशे जास्त आले असते.”

“मग?”

“मग काय? शंभर-दीडशे.”

त्याच हिवाळ्यात व्हर्नला अँकरेजला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लोर्नाने त्याला गावी परत आणलं. सगळ्या भाषेतून त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता, ‘च्यायला’. भूक लागली की च्यायला, उशी सरकव म्हणायचं तर च्यायला, पाद्री भेटायला आला तरी च्यायला. डॉक्टर म्हणाले असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात. लोर्ना हसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

तो आल्याच्या चौथ्या दिवशी इर्मा गेली. मी तिला गाडीतून सोडलं, म्हणून मी होतो. ती दारात उभी राहिली. व्हर्न खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं झालं, काहीतरी जोर लावून जुळवायला लागला.  शेवटी निघालं ते, “च्या... यला.”

“हो,” इर्मा म्हणाली. “मलाही तसंच वाटतं.” आणि कोट काढून त्याच्या शेजारी बसली.

तेव्हापासून ती रोज दुपारी जायची. त्याला सूप भरवायची, हनुवटी पुसायची. लोर्नाला तेवढीच दोन तास झोप. उन्हाळ्यात मात्र ती मोजणी सांगायची. आदल्या दिवशीचा माझा आकडा घेऊन जायची आणि भरवून झालं की म्हणायची, “काल नऊ.” तो डोळे मिटायचा. “काल चार.” पुन्हा तेच. एकदा जुलैच्या सुरुवातीला मी तिला एकतीस सांगितले, त्या हंगामातला सगळ्यांत मोठा दिवस. लोर्ना म्हणाली, त्या दिवशी तो “च्यायला” म्हणाला तो अगदी होडीतल्यासारखा, मासा गळाला लागल्यावर म्हणायचा तसा, आणि डावा हात उचलून त्याने इर्माची बाही धरली. सूप सांडलं तरी सोडेना.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तो गेला. जमीन गोठलेली होती, म्हणून पुरायला मेपर्यंत थांबावं लागलं.

मी नंतर एकदा इर्माला विचारलं, की त्याने माफ केलं असं वाटतं का तुला. ती म्हणाली, “क्लेम, त्याच्याकडे एकच शब्द होता. त्यातून मी मला हवं ते ऐकू शकते. म्हणून मी ऐकत नाही.”

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. तिच्या जागी ओरेगॉनचा एक माणूस आला आहे, भला आहे, कागद वेळेवर काढतो. किंगवरची बंदी अजून उठलेली नाही. इर्मा गावातच असते. मी तिला दर रविवारी भेटतो. कधी तिच्या घरी पत्ते खेळतो, कधी नुसते बसतो. मर्ल डिकर पोस्टात दिसतो, तिच्यासाठी दार धरून ठेवतो. बोलत मात्र नाही. तिला त्याचं वाईट वाटत नाही असं ती म्हणते. या उन्हाळ्यात जूनच्या शेवटापर्यंत दोनशे सहा मासे वर गेले. मी तिला ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं. पत्ते वाटता वाटता ती थांबली आणि म्हणाली, “दोनशेच्या वर गेले का रे?” मी “हो” म्हटलं, आणि तिने उरलेले पत्ते वाटले.